काचेवरची धाकटी

मित्रांनो, मी एका कॉलेजच्या कार्यालयातले जुने झेरॉक्सचे मशीन आहे. आता माझी वायर काढून माझ्याच पाठीवर गुंडाळून ठेवली आहे आणि झाकणावर जुन्या हजेरीपटांचा गठ्ठा आहे. तरीही माझी काच अधूनमधून कोमट लागते, असे झाडूवाल्या काकू म्हणतात. काकू उगाच काहीबाही बोलणाऱ्यांतल्या नाहीत.

माझा जन्म एका लांबच्या कारखान्यात झाला. मला जोडून झाल्यावर कारागिराने माझ्या काचेवर काहीही न ठेवता बटण दाबले. बाहेर आलेला कागद त्याने उजेडात धरून पाहिला. तो पांढरा स्वच्छ होता. "ठेवलं नाही ते उमटता कामा नये," तो शेजारच्याला म्हणाला. ती माझी पहिली परीक्षा होती आणि मी पहिल्या फटक्यात पास झाले. पुढे मी ज्या परीक्षेत नापास झाले, तीही हीच.

कार्यालयात मला खिडकीपाशी जागा मिळाली. शेजारच्या टेबलावर टाचणीमावशी बसत. त्यांचे हे नाव मुलांनी पाडलेले. मावशींच्या ओठांत कायम दोन-तीन टाचण्या असत आणि त्या सांभाळून त्या बोलत, रागावत, हसतसुद्धा. पहिल्या वर्षी माझे फार कौतुक झाले. प्राचार्य स्वतः येऊन माझ्या झाकणावर हात फिरवून गेले होते.

दर वर्षी परीक्षा संपल्या की काही मुले माझ्याकडे गुपचूप येत. त्यांना हे कॉलेज सोडून मोठ्या विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला जायचे असे. तिथे जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आणि अर्ज शेकड्यांनी. गुणपत्रिका, शिकलेल्या विषयांची यादी, एका शिक्षकांचे पत्र, आणि 'मला इथे का यायचे आहे' यावर एक पान, असे सगळे माझ्या काचेवरून जाई. मग मुलाखत. ज्याला जागा मिळे त्याला कॉलेज सोडल्याचा दाखला घ्यावा लागे आणि दाखल्याच्या तीन प्रती काढाव्या लागत. म्हणजे जागा मिळालेला माझ्याकडे परत येई. न मिळालेला येत नसे. कोण गेले आणि कोण राहिले, हे मला न विचारता कळायचे.

म्हणून सांगते, मित्रांनो, मी बरेच पाहिले आहे. पुष्कळ मुले प्राचार्यांचे पत्र आणत, कारण प्राचार्य मोठे. ते पत्र चाळीस जणांचे एकच असे: 'विद्यार्थ्याची वर्तणूक चांगली आहे.' फक्त नावाची जागा बदलायची. एका सायकलवाल्या मुलाने मात्र प्रयोगशाळेतल्या सरांकडून पत्र आणले होते. त्यात लिहिले होते, 'याने आमची बिघडलेली तीन सूक्ष्मदर्शके दुरुस्त केली आणि चौथे बिघडवले.' तो दाखला घ्यायला परत आला. एकीने आपल्या पानावर या कॉलेजला नुसत्या शिव्या दिल्या होत्या. ती आली नाही. एकाने तिथल्या विषयांशी आपले विषय जुळतात का, हे पाहिलेच नव्हते. जागा मिळूनही त्याला पुन्हा पहिल्या वर्षाला बसावे लागले. तो तीन प्रती काढताना माझ्या बटणावर इतक्या रागाने ठोसे मारत होता, की जणू ते मीच ठरवले होते.

पण मला सांगायचे आहे ते निराळे.

नऊ वर्षांपूर्वी एका मुलीने ते पान लिहिले. तिची धाकटी बहीण चार वर्षांची असताना घरामागच्या तळ्यात बुडाली होती. मागे मागे येणाऱ्या त्या धाकटीला ही म्हणाली होती, 'मागे लागू नकोस.' म्हणून तिला पाण्याचे शास्त्र शिकायचे होते. तिने पान स्वच्छ अक्षरात उतरवून पाठवले आणि कच्चे पान मावशींच्या टेबलावर राहून गेले. त्याच्या मागे एक लहानसे पाकीट टाचलेले होते. आत फोटो असावा, असे मावशी म्हणायच्या. कोणाच्या दुःखाचे पाकीट कशाला उघडा, असेही त्याच म्हणायच्या. त्या मुलीला जागा मिळाली. ती दाखला घेऊन गेली ती गेलीच.

मावशींनी ते पान खालच्या खणात जपून ठेवले. पुढच्या वर्षी एक मुलगा रडकुंडीला आला तेव्हा त्यांनी ते त्याला दाखवले. त्यात वाईट हेतू नव्हता. "हे बघ, असं लिहायचं असतं. या पानावर जागा मिळालीय," त्या टाचण्यांतून म्हणाल्या. मुलाने 'असे' चा अर्थ 'हेच' असा घेतला. त्याने पानाची प्रत काढली, विषय बदलला आणि पाठवून दिली. मग ती रीतच पडली. एकीकडून दुसऱ्याकडे बातमी जाई आणि सगळे मावशींच्या खणाकडे येत. तळे तेच, बहीण तीच, वय चार. एकाला तर भाषाशास्त्र शिकायचे होते. तळ्याचा त्याच्याशी काय संबंध, हे त्याने कसेबसे दोन ओळींत कोंबले होते. त्या पोरांना वाटे, विद्यापीठाचे दार दुःखाने उघडते. आपल्या घरात नसेल तर मागून आणावे.

पहिल्या प्रतीपासूनच काहीतरी बिनसले. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक करडा डाग आला. नीट पाहिले तर लहान मुलाच्या गालाची कड दिसे, एक कान, आणि कानामागे रिबीन. दुरुस्तीवाला आला. त्याने काच पुसली, माझ्या आतला, चित्र उमटवणारा ड्रम बदलला, कोरा कागद काढून पाहिला. कागद स्वच्छ. "काही नाही हो, जुन्या ड्रमवर डाग होता," म्हणाला. पुढच्या वर्षी एका मुलीने ते पान माझ्यावर ठेवले आणि डाग पुन्हा आला. मूळ पानावर तो नव्हता. जी मुले ते पान घेत, त्यांच्या गुणपत्रिकेवरही तो येई, विषयांच्या यादीवरही येई. इतर कोणाच्या कागदांवर येत नसे.

आणि एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती, कारण सगळ्या प्रती माझ्यातूनच गेल्या. दर वर्षी तो चेहरा थोडा थोडा वळत होता. आधी कान. मग गाल. मग नाकाचा शेंडा. चौथ्या वर्षी एक डोळा.

तोवर ते पान अकरा जणांनी नेले होते, त्यांपैकी एकही दाखल्याच्या प्रती काढायला परत आला नाही.

ते पान घेणारी बारावी मुलगी गेल्या वर्षी आली. घरात तिला मोठी म्हणत, म्हणून मीही मोठीच म्हणते. अर्ज देण्याचा शेवटचा दिवस होता. पाच वाजता मावशी सगळी पाकिटे पिशवीत घालून पाठवणार होत्या आणि चार वाजले होते. मोठी माझ्या काचेवर एकेक कागद लावून बटण दाबत होती आणि मुलाखतीसाठी ते पान पाठ म्हणत होती. म्हणता म्हणता तिचा आवाज खरोखरच भरून आला.

"माझी धाकटी बहीण माझ्या मागे मागे येत होती. मी म्हणाले, मागे लागू नकोस. संध्याकाळी ती तळ्यात सापडली."

दारात तिची आई उभी होती. अर्जाला लावायचे फोटो मोठी घरीच विसरली होती, ते घेऊन ती धावत आली होती. तिच्या हाताला धरून सहा वर्षांची छोटी उभी होती.

"ताई," छोटीने विचारले, "मी कुठे सापडले?"

आई दारातून आत आली.

"काय बोलतेयस गं हे?" आई म्हणाली.

"आई, ते मुलाखतीसाठी आहे. सगळे हेच देतात. यावर एकीला जागा मिळालीय."

"मिळू दे नाहीतर गाडीघोडा मिळू दे. तुझी बहीण इथे उभी आहे, तुझ्यासमोर. तिला मारून तू जागा मागणार?"

"मग काय लिहू?" मोठी एकदम चिडली. "माझ्या आयुष्यात घडलंय काय? काहीसुद्धा नाही. तू काही घडूच दिलं नाहीस! जिन्यावर हात धर, पाण्याजवळ जाऊ नकोस, पोचल्यावर फोन कर..."

"नाही दिलं घडू," आई म्हणाली. "त्यासाठीच तर जीव मुठीत धरून जगतेय मी."

तेवढ्यात माझ्यातून प्रत बाहेर पडली. मी थांबवू शकले असते तर थांबवली असती. आईने ती सवयीने उचलली. घरातले कागद, कात्री, सुई, गोळ्या ती अशीच आधी उचलून बघत असणार.

या वेळी चेहरा पूर्ण वळला होता. दोन्ही डोळे सरळ समोर बघत होते. डाव्या भुवईवर एक बारीक तिरपी रेघ होती.

छोटीच्या डाव्या भुवईवर तशीच रेघ होती. पायरीवरून पडली तेव्हा तीन टाके घातले होते.

आई ओरडली नाही. तिने तो कागद माझ्या ट्रेमध्ये उलटा ठेवला, त्यावर तळहात दाबून धरला, आणि दुसऱ्या हाताने छोटीला उचलून कडेवर घेतले. छोटी कडेवर मावण्याएवढी लहान राहिली नव्हती. तिचे पाय खाली लोंबत होते.

"आई, मला सोड ना, मी मोठी झालेय."

"गप्प बस."

मोठीने त्या हाताखालचा कागद किंचित उचलून पाहिला आणि परत टाकला. तिचा चेहरा कागदाहून पांढरा झाला. "मावशी," ती म्हणाली, "पाचला किती वेळ आहे?"

"पन्नास मिनिटं," मावशी म्हणाल्या. त्यांनी ओठांतल्या टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या होत्या. असे मी त्यांना पहिल्यांदाच पाहिले.

मोठी बाकावर बसली. पहिली दहा मिनिटे तिने नुसते पेन चावले. मग छोटीच म्हणाली, "ताई, माझ्या वहीचं लिही ना." आणि मोठी लिहू लागली.

ते पान माझ्या काचेवर आले तेव्हा मी ते वाचले. छोटी चार वर्षांची होईपर्यंत बोलत नव्हती. आई तिला घेऊन डॉक्टरांकडे फेऱ्या मारी. मोठी एका वहीत लिहून ठेवी: कोणत्या तारखेला छोटी कोणता शब्द बोलली, कोणाकडे बघून बोलली, कोणता शब्द दोन दिवस टिकला आणि हरवला. पहिला शब्द 'नको' होता. अशा एकशे बारा शब्दांची ती वही. मुले बोलायला कशी शिकतात, हे मोठीला शिकायचे होते. त्या विद्यापीठात मुलांचे बोलणे ऐकायची एक वेगळी खोली होती, तिथे बसून काम करायचे होते. शेवटी तिने हेही लिहिले की आज चार वाजेपर्यंत मी दुसऱ्या कोणाचे तरी दुःख पाठ करत होते, आणि माझ्या बहिणीने मला विचारले की मी कुठे सापडले.

प्राचार्यांचे पत्र तिने अर्जातून काढून टाकले. धावत जाऊन शिक्षकांच्या खोलीतून भाषेच्या बाईंकडून चार ओळी लिहून आणल्या. बाईंनी ती वही पाहिली होती.

मावशींनी बटण दाबले. माझा दिवा सरकत गेला. मित्रांनो, यंत्राला श्वास नसतो, पण तेव्हा मी तो रोखून धरला होता. कागद बाहेर आला. उजवा कोपरा कोरा होता.

पाच वाजायला तीन मिनिटे असताना पाकीट पिशवीत पडले.

महिन्याभराने एक बाई कार्यालयात आल्या. पायातली चप्पल काढावी की नाही, अशा संकोचाने त्या दारात उभ्या होत्या. मावशींनी त्यांना ओळखले नाही. मी ओळखले. ती नऊ वर्षांपूर्वीची मुलगी होती. आता ती त्या विद्यापीठात शिकवत होती, आणि आलेली पाने वाचणाऱ्या तिघांत तीही होती.

"चार वर्षं वाचतेय मी," ती म्हणाली. "दर वर्षी कोणीतरी माझ्या बहिणीला पुन्हा त्याच तळ्यात बुडवतं. इथे यायचा धीर होत नव्हता. या वर्षी एका मुलीने खरं लिहिलं, म्हणून आले. माझा कागद द्या मावशी."

मावशी रडू लागल्या. "पोरी, मला वाटलं मी मदत करतेय."

"मला माहितीये."

मावशींनी खणातून ते पान काढले आणि मागचे पाकीट टाचणीसकट तिच्या हातात दिले. तिने ते उघडले. आत एक जुना फोटो होता. मावशींनी डोळे पुसून पाहिले आणि त्या चमकल्या. फोटोत तळ्याकडे धावत जाणारी एक लहान मुलगी होती, पाठमोरी. केसांत रिबीन. चेहरा दिसतच नव्हता.

"तिला फोटो काढलेला आवडायचा नाही," ती म्हणाली. "कायम पाठ करायची. चेहरा दिसेल असा एकही फोटो नाही आमच्याकडे."

ती गेल्यावर मावशींनी वळून माझ्याकडे पाहिले. माझ्या काचेवर तो चेहरा कोणीच ठेवला नव्हता.

मोठीचे नाव पहिल्या यादीत नव्हते. दुसऱ्या यादीतही नव्हते. एक जागा रिकामी झाली तेव्हा तिसऱ्या यादीत आले. दाखल्याच्या प्रती काढायला ती छोटीला घेऊन आली. छोटीने माझ्या काचेवर आपला तळवा दाबून ठेवला आणि बटण दाबायचा हट्ट धरला. कागदावर पाच बोटे उमटली, रेघांसकट. मोठीने तो कागद दाखल्याबरोबर फाइलमध्ये ठेवला. ते माझे शेवटचे काम होते. नंतर नवे मशीन आले.

मित्रांनो, तुम्हालाही कुठे दूर, कठीण जागी जायचे असेल तर जरूर अर्ज करा. वेळेवर करा, विषय जुळवून पाहा, ओळखीच्या शिक्षकांकडून पत्र घ्या, आणि आपल्याकडे सांगण्यासारखे काही नाही असे वाटले तर घरात कोणाला तरी विचारा. पण दुसऱ्याची धाकटी मागून आणू नका.

आणि एक विनंती. आईने उलटा ठेवलेला तो कागद अजून माझ्या ट्रेमध्येच आहे. कोणी काढला नाही. कधीतरी मला भंगारात न्यायला माणसे येतील. त्यांनी तो उलटून पाहू नये. पाहायचाच असेल, तर आधी घरी फोन करावा आणि लहान पोर कुठे आहे, ते विचारून घ्यावे.