डावी बाजू

दीपमालाने गाडीच्या डाव्या दरवाज्यावर पाणी मारलं, कापडाने टिपून घेतलं आणि अंगठ्याचं नख ओरखड्यांवरून आडवं फिरवलं. पहिल्या दोन रेघांवरून नख सरळ निघून गेलं. तिसऱ्या रेघेत, हँडलच्या खाली, ते किंचित अडकलं. तिने पुन्हा एकदा फिरवून पाहिलं.

"हा खोल गेलाय, काकू. बाकीचे जातील. याची नुसती धार मोडेल. जवळून बघणाऱ्याला दिसणार."

"किती जवळून?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"शोधायलाच बसला कोणी तर," दीपमाला हसून म्हणाली.

आमोद शोधायलाच बसणार होता. त्यांचा मुलगा दर रविवारी कोथरूडला यायचा आणि वर येण्याआधी खाली गाडीभोवती एक चक्कर मारायचा. गेल्या वेळी त्याने मागच्या बंपरवर बोट ठेवलं होतं. मंडईत कुणाची तरी हातगाडी घासली, असं सरोजिनीबाईंनी सांगितलं. तो वाकून बघत राहिला. "आई, आणखी एक निघाला ना, तर किल्ली मी घेऊन जाणार," तो म्हणाला. रागावून म्हणाला असता तर त्यांनी त्याला उडवून लावलं असतं. तो अगदी शांतपणे म्हणाला होता.

आणि बुधवारी सोसायटीच्या फाटकाचा खांब लागला. सोसायटी झाल्यापासून त्या फाटकातून त्या गाडी आत घेत होत्या. खांबही तेव्हापासूनच तिथे होता.

ऑफिसच्या कामाला बंगळूरला गेलेला आमोद उद्या परत येणार होता. म्हणून आज दुपारी, "सर्व्हिसिंगला टाकून येते," असं नवऱ्याला, श्यामरावांना सांगून त्या निघाल्या. गाडीला पॉलिश करून देणारी दुकानं कोथरूडमध्येही होती, पण तिथे कोणीतरी ओळखीचं भेटलं असतं. वारज्यात त्यांना कोणी ओळखत नव्हतं. येताना कर्वेनगरला एका बसचा हॉर्न एकदम कानाशी वाजला. बस डाव्या बाजूला होती. ती कधी आली, त्यांना कळलंच नव्हतं.

दीपमालाने टॉर्च लावून बोनेटवर तिरका धरला. गडद निळ्या रंगावर बारीक गोल रेघांचं जाळं उमटलं. घासून घासून जुन्या झालेल्या स्टीलच्या ताटावर असतं तसं.

"कोरड्या फडक्याने पुसता का हो गाडी?"

"आमचे हे पुसतात."

"तेवढं नका करू म्हणावं. धूळ रगडली जाते. रंगाची वाट लागते."

"सांगेन," सरोजिनीबाई म्हणाल्या. सांगणार नव्हत्या. अर्धांगाचा झटका आल्यापासून श्यामरावांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. हात गोल गोल फिरवत राहा, असं व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलं, तेव्हा भिंतीवर हात फिरवायला त्यांनी साफ नकार दिला. गाडीवर मात्र ते रोज सकाळी फिरवत. फडकं गळून पडलं की इकडेतिकडे बघून डाव्या हाताने उचलत.

"या रेघा जातील ना?"

"या जातील."

"मग झालं. पुन्हा उमटल्या तर पुन्हा येईन."

दीपमालाने काचेच्या कडांना, हँडलला, रबराला चिकटपट्ट्या लावल्या. मशीनच्या फोमवर पांढऱ्या मलमासारख्या पॉलिशचे चार ठिपके टाकले, तोंडाला फडकं बांधलं आणि मशीन सुरू केलं. सरोजिनीबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या. मशीन दरवाज्यावरून सावकाश डावीकडे जाई, सावकाश उजवीकडे येई. दर थोड्या वेळाने दीपमाला ते बंद करून रंगाला तळहात लावून बघे. तापला असेल तर थांबे.

"थांबतेस कशाला मध्ये मध्ये?"

"घाईत जास्त घासलं तर वरचा थरच निघतो, काकू. मग रंगवण्याशिवाय इलाज नाही."

सरोजिनीबाईंनी घड्याळात पाहिलं. श्यामरावांना सोमवारी आणि गुरुवारी एरंडवण्यात व्यायामाला न्यायचं असे. आमोद म्हणे, टॅक्सी मागवत जा, नाहीतर ड्रायव्हर ठेवू. त्याला सगळं सोपं वाटे. पण श्यामरावांना पाय उचलून गाडीत घ्यायला वेळ लागे आणि परका माणूस स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला की ते घामाघूम होत. दोनदा टॅक्सीने गेले आणि तिसऱ्या वेळी त्यांनी व्यायामच नको म्हणून सांगितलं. बायकोच्या गाडीत ते हवा तेवढा वेळ घेत. येताना कधी मंडईवरून जायचं. त्या भाजी घेत आणि हे गाडीत बसून ओरडत, "सरोज, अळू बघ, अळू!" आठवड्यातलं त्यांचं बाहेरचं जग तेवढंच होतं.

फोन वाजला. आमोदचा होता.

"आई, मी आजच आलोय. काम लवकर उरकलं. आत्ताच उतरलो, बॅगेसाठी थांबलोय. तासा-दीड तासात पोचतो तुमच्याकडे."

"आज? उद्या येणार होतास ना!"

"का, आज चालणार नाही? तू घरीच आहेस ना?"

"जरा बाहेर आलेय."

"गाडी घेऊन? आणि हा आवाज कसला?"

"रस्ता खणतायत. पुण्यात कुठे खणत नसतात?"

त्यांनी फोन ठेवला. "दीपमाला, अजून किती?" त्यांनी विचारलं, पण मशीनच्या आवाजात ते तिला ऐकू गेलं नाही.

त्यांनी पर्समधून रुमाल काढून कपाळ टिपलं, गाल टिपला. मग रुमाल उजव्या डोळ्यावर आला आणि तिथेच राहिला. समोरच्या भिंतीवर फळी होती, फळीवर पॉलिशच्या बाटल्या ओळीने लावलेल्या होत्या. डाव्या डोळ्याला मधल्या तीन-चार बाटल्या दिसत होत्या. त्यांच्या डावीकडे फळी एका करड्या धुरात शिरत होती. सरोजिनीबाईंनी मान जराही हलवली नाही. धूर विरेल म्हणून वाट पाहिली.

मग रुमाल खाली घेतला, घडी घातली आणि पर्समध्ये खोल ठेवून दिला.

चष्म्याचा नंबर बदलला असेल, असं त्या काही महिने स्वतःला सांगत होत्या. स्वयंपाकघरात डाव्या कोपराने तेलाची बाटली पडली, तेव्हा ओटा अरुंद होता. दाराची चौकट खांद्याला लागली, तेव्हा पायात चप्पल नीट नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ त्यांनी घेतली होती आणि श्यामरावांचा व्यायाम आहे म्हणून रद्द केली होती. त्या दिवशी व्यायाम नव्हता.

मशीन थांबलं.

"या, काकू. बघा."

सरोजिनीबाई उठल्या. दरवाजा नवा झाला होता. त्यात त्यांची साडी दिसत होती, पर्स दिसत होती, मागचा रस्ता आणि त्यावरून जाणारी रिक्षासुद्धा दिसत होती. त्यांनी हँडलखाली वाकून पाहिलं. आधी उजेडाकडे तोंड करून, मग आडव्या बाजूने. केसाएवढी एक पुसट रेघ होती आणि ती कुठे आहे हे माहीत होतं म्हणूनच दिसत होती.

"बाई गं," त्या म्हणाल्या. "हात चांगला आहे तुझा."

"दोन दिवस धुऊ मात्र नका."

सकाळपासून आवळून धरलेले खांदे खाली आले. आमोद गाडीभोवती फिरेल, वाकेल, काही सापडणार नाही. मग वर येईल आणि चहा मागेल. सोमवारी त्या श्यामरावांना घेऊन जातील. डोळ्यांचं नंतर बघता येईल. निवांत.

त्या गाडीत बसल्या, पट्टा लावला, आरसा सारखा केला. दुकानातून रस्त्यावर जायला एक उतार होता. त्याच्या उजव्या हाताला भिंत, डाव्या हाताला पाण्याचं मोठं पिंप. त्यांनी उजवीकडे पाहिलं. डावीकडे पाहिलं. रस्ता मोकळा होता. त्यांनी ब्रेकवरचा पाय उचलला.

"काकू! अहो काकू!"

बोनेटवर दाणदाण हात आपटले. त्यांनी ब्रेक दाबला. गाडी गचका खाऊन थांबली आणि चाकाखाली काहीतरी कडकन मोडलं.

दीपमाला गाडी आणि पिंप यांच्या मधल्या फटीत अंग चोरून उभी होती. तिचे दोन्ही हात अजून बोनेटवर होते. तोंडावरचं फडकं गळ्यात आलं होतं.

सरोजिनीबाईंनी काच खाली केली.

"मी बादली उचलत होते," दीपमाला धापा टाकत म्हणाली. "तुम्ही बघितलंत की माझ्याकडे. सरळ माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, थांबताय."

"लागलं का तुला?"

"नाही, नाही. बादली गेली फक्त." ती कशीबशी बाजूला सरकून बाहेर आली. मग सवयीने वाकली आणि डाव्या बाजूवरून पुढपासून मागपर्यंत हात फिरवला. "घासलं नाही कुठे," ती म्हणाली. "रंगाला काही नाही झालेलं."

सरोजिनीबाईंनी गाडी बंद केली. त्यांनी फोन काढला.

"आमोद, कुठे आहेस?"

"डेक्कनला आलोय. का?"

"आधी घरी जाऊ नकोस. वारज्याला ये. पत्ता पाठवते."

"वारज्याला? आई, काय झालं? गाडीला काही झालं का?"

"गाडीला काही झालेलं नाही."

"मग?"

समोर दीपमाला चाकाखालून बादलीचे तुकडे ओढून काढत होती. सरोजिनीबाई तिच्याकडे बघत राहिल्या.

"इथे आलास की टॅक्सी सोडून दे," त्या म्हणाल्या. "परत जाताना तुला चालवायची आहे."

पलीकडे त्याने ड्रायव्हरला गाडी वारज्याकडे वळवायला सांगितलं.

"आलोच," आमोद म्हणाला. बाकी काही त्याने विचारलं नाही.

दीपमाला हात झटकत खिडकीशी आली. "काकू, आत येऊन बसा. चहा सांगते."

"बादली नवी आणून देईन हं तुला."

"जाऊ द्या ती बादली! तुम्ही या आत."

"नको गं. इथेच बरी आहे."

त्यांनी खाली उतरून किल्ली तिच्याकडे दिली. दीपमालाने गाडी मागे घेऊन सावलीत नीट उभी केली. सरोजिनीबाई गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेल्या. रंगावर बोटं उमटू नयेत म्हणून पदराने हँडल धरून दार उघडलं आणि आत बसल्या. या गाडीत त्या कधीच या बाजूला बसल्या नव्हत्या. सीट खूप मागे होती. श्यामरावांच्या पायांना जागा लागते म्हणून.

पट्ट्यासाठी हात सवयीने उजव्या खांद्यामागे गेला. तिथे काही नव्हतं. पट्टा डावीकडे होता. तो शोधायला त्यांना मान पूर्ण वळवावी लागली.