कुंडीवरचा चुन्याचा ठिपका

ही गोष्ट २०१८ सालच्या हिवाळ्यातली. त्याच वर्षी वैशाखात माझी मैत्रीण देवकाबाई गेली. आम्ही दोघी दवनीवाड्याच्या शाळेत अकरा वर्षं एकत्र शिकवायला होतो. तेरावं झाल्यावर तिची मुलगी गुंजन गोंदियाहून गोरेगावला आमच्या घरी आली आणि देवकाची कुंडी माझ्या हातात देऊन गेली. "आईसारखं सांभाळ मावशी," एवढंच रडत रडत म्हणाली.

त्या झाडाला नर्सरीवाले ख्रिसमस कॅक्टस म्हणतात. निवडुंगाच्याच जातीचं, पण काटा नाही. खेकड्याच्या नांग्यांसारखी चपटी पानं एकाला एक जोडलेली, आणि थंडीत त्यांच्या टोकांना गडद गुलाबी फुलं लटकतात. देवकाने ते पचमढीच्या सहलीतून रुमालात गुंडाळून आणलं होतं. त्या सहलीत तिने बसमध्ये सगळ्यांना चिवडा वाटला होता आणि स्वतःला उरला नाही म्हणून माझ्या हातातला हिसकावून खाल्ला होता. असल्या गोष्टी माझ्या डोक्यातून जात नाहीत.

कुंडीच्या काठावर चुन्याचा एक ठिपका होता. दृष्ट लागू नये म्हणून देवकाने लावला असणार, असं मी धरून चालले. आमच्याकडे नव्या घराला, दुभत्या म्हशीला, बाळाला असं काहीतरी लावतातच.

उन्हाळ्यात मी ती कुंडी माठाजवळच्या गारव्यात ठेवली. पावसाळ्यात पाणी बेताने घातलं. दिवाळीनंतर ती मधल्या खोलीत खिडकीशी आणली आणि सांजेनंतर त्या खोलीत दिवा लावायचा नाही असं सुनेला, प्राचीला, बजावलं. लांब अंधार मिळाल्याशिवाय हे झाड कळ्या धरत नाही, हे देवकाच म्हणायची. आणि खरंच, डिसेंबर लागता लागता कळ्या आल्या. एकतीस. अठ्ठावीस तारखेला देवकाचा वाढदिवस. त्या दिवशी गुंजन फुलं पाहायला येणार होती.

मंगली आमच्याकडे भांडी-झाडू करायची. माहेर चोरखमाऱ्याकडचं, जंगलातलं. नवरा नव्हता. आमचं घर, शेजारच्या रुख्माबाईंचं आणि गल्लीतली आणखी दोन, या चार घरांवर तिचं चालायचं. ती घरं तिला माझ्या शब्दावर मिळाली होती. झाडाला कळ्या आलेल्या पाहून ती म्हणाली,

"बाई, हे कुंडीत कायले ठेवून राहिल्या? असे तं झाडावर बसून रायतेत. आमच्याकडे मोहावर, साजावर लय असतेत. बुडाले पानी साचलं का मरून जाईल."

"मला माहीत आहे," मी म्हणाले. खरं तर माहीत नव्हतं.

"मले एक पान द्या ना जी. लावून पायतो."

"आत्ता नाही. फुलं होऊन जाऊ दे."

ती हसली आणि भांडी घासायला गेली. पण त्या दिवसापासून ती झाडू मारता मारता कुंडीपाशी थांबते आणि टक लावून पाहते, हे माझ्या लक्षात यायला लागलं. माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हणून रोज सकाळी ती यायच्या आधी मी कुंडी फिरवून ठिपका दाराकडे करायची. तिची नजर पहिली ठिपक्यावर पडावी. ती गेली की कुंडी पुन्हा उजेडाकडे.

तिसऱ्या दिवशी कुंडीखाली चार कळ्या पडलेल्या दिसल्या. पाचव्या दिवशी सहा. देठापासून अशा सुटलेल्या, जशा कुणी नखाने खुडल्या असाव्यात.

रुख्माबाईंना सांगितलं. त्या तयारच होत्या. "मास्तरीनबाई, मी तं पयलेच म्हनत होती. पान मांगलं, तुमी नाई देल्लं. मंग? आता तुमच्या घरी बी फूल नको, असं हाय तिचं."

दुसऱ्या दिवशी मंगली निघाली तेव्हा रुख्माबाई मुद्दाम ओसरीवर येऊन बसल्या होत्या. मी मंगलीला पिशवी दाखवायला सांगितली. तिने माझ्याकडे पाहिलं, रुख्माबाईंकडे पाहिलं आणि पिशवी ओसरीवर पालथी केली. डबा, तंबाखूची डबी, कंगवा, आणि ओल्या चिंधीत गुंडाळलेलं त्या झाडाचं एक पान.

"हे काय?"

"पान घेतलं जी मी. झाडताना खाली पडलं होतं. कचऱ्यात जात होतं, मंग ठेवलं. कळीले हात नाई लावला."

"मग कळ्या कोण खुडतंय? मी?"

"मले काय मालूम? घर तुमचं, तुमी पाहा."

"चोर ते चोर, वरून तोंड पाहा!" रुख्माबाई म्हणाल्या.

"उद्यापासून येऊ नकोस," मी म्हणाले. चोर हा शब्द मीही उच्चारला. तो इथे वगळून चालणार नाही. आठवड्याच्या आत बाकीच्या तिन्ही घरांनी तिला नको म्हणून सांगितलं.

कळ्या पडतच राहिल्या. आता मला प्राचीचा संशय यायला लागला. तिला अंधाऱ्या खोलीचा कंटाळा होता. मग दूधवाल्याचा, तो खिडकीतून पातेलं घ्यायचा. रुख्माबाईंचासुद्धा आला, कारण त्या रोज 'किती उरल्या?' म्हणून विचारायला येत. ज्याची चाहूल लागे त्याच्या दिशेने मी ठिपका फिरवायची. दिवसातून पाच-सहा वेळा तरी.

"आई, मंगलीबाई गेल्या तरी कळ्या पडूनच राहिल्या ना," प्राची एकदा म्हणाली. "आता माझी पिशवी पाहता का?"

मी ठिपका तिच्याकडे फिरवला.

अठ्ठावीस तारखेला गुंजन आली तेव्हा झाडावर तीन कळ्या होत्या. ती चप्पल काढत होती, तेवढ्यात रुख्माबाईंचा आवाज आला आणि मी सवयीने कुंडी फिरवली.

"मावशी! काय करून राहिली?"

"दृष्टीचा ठिपका दाराकडे करते."

"दृष्टीचा? अगं, तो आईनं खुणेसाठी लावला होता. कळ्या धरल्या की ठिपक्याची बाजू खिडकीकडं, अन् मग फुलं होईपर्यंत कुंडीला हात नाही. उजेडाची दिशा बदलली की कळ्या गळतात. मला हात लावू द्यायची नाही. मी सांगायला पाहिजे होतं गं."

मी खाली बसले. प्राची दारात उभी होती. तिनेही ते ऐकलं होतं.

त्याच दुपारी मी मंगलीच्या घरी गेले. ती सुपात तांदूळ पाखडत होती. मी सगळं सांगितलं आणि कामावर ये म्हणाले. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"चोर तुमी रुख्माबाईसमोर म्हनल्या. आता हे बी तिच्यासमोरच बोला."

मी तिला सोबत घेऊन आले आणि रुख्माबाईंच्या ओसरीवर, इतर दोन्ही घरच्या बायकांना बोलावून, सांगितलं की कळ्या माझ्या हाताने गळल्या, मंगलीने एकही खुडली नाही.

"पान तं घेतलंच होतं ना?" रुख्माबाई म्हणाल्या.

मंगलीने पदर खोचला आणि म्हणाली, "झालं बाई. तुमी बोलल्या, मी ऐकली." आणि गेली. मी कुंडीतली चांगली फांदी तोडून प्राचीच्या हाती तिच्याकडे पाठवली. तिने ती परत पाठवली.

त्या चार घरांपैकी एकातही ती पुन्हा आली नाही. संक्रांतीनंतर ती माहेरी गेली, भावासोबत धानाची शेती ठेक्याने करू लागली. तीन वर्षांनी बाजारात दिसली; मी हाक मारली तर थांबली, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि एसटी लागली म्हणून निघून गेली. गुंजनचं लग्न होऊन ती रायपूरला असते. झाड मी तिलाच देऊन टाकलं. रुख्माबाई करोनात गेल्या. शेवटच्या आजारात त्यांचं घर झाडायला बाई मिळाली नाही, प्राचीच जायची. प्राची आता अंगणवाडीत सेविका आहे. तिच्याशी माझं जमतं. ती मला तोंडावर बोलते आणि मी ऐकून घेते. मी ब्याऐंशीची झाले. कामाला नवी बाई आहे, आणि ती घरी निघाली की मी मागच्या अंगणात जाऊन बसते, म्हणजे तिच्या पिशवीकडे माझं लक्ष जाणार नाही.