घरची चावी

गाडी माझ्या नावावर आहे, हे आधीच सांगून टाकते. जुनी घेतली, पण माझ्या पगाराची. पूजेच्या दिवशी मात्र मी चुकले. दोन्ही चाव्या ताटात ठेवल्या. आमच्याकडे गाडी आली की एक चावी देव्हाऱ्याजवळच्या खिळ्याला टांगतात, म्हणजे ती घरची होते. सासूबाईंनी टांगली आणि चौथ्या दिवशी माझ्या दिराच्या, रूपेशच्या, खिशात गेली ती गेलीच.

मी रोज शेलूहून चार बायकांना घेऊन कुंभिवलीच्या कंपनीत कामाला जाते. मंगळवारी सकाळी बघते तर अंगणात गाडीच नाही. रूपेश ती आदल्या दिवशी मित्राच्या हळदीला घेऊन गेलेला. पाचजणींची दांडी पडली. साहेबांनी बजावलं, पुन्हा असं झालं तर घरीच बसा. त्या चौघींतली वनिता म्हणाली, "आमी दुसरी गाडी बघू का गं, निशिगंधा? राग नको धरू." राग धरला मी, पण तिच्यावर नाही.

नागूच्या गॅरेजात गेले. ड्रायव्हरच्या दाराचं कुलूप बदलून दे म्हटलं. बाहेरून चावी लागते ती फक्त त्याच दाराला. सुरू करायची चावी रूपेशकडे राहिली तरी आत शिरणार कुठून? नागूनं मान खाजवली. "रूपेशला इचारून सांगतो, वैनी." गाडी माझी आणि विचारायचं रूपेशला!

मग मीच कर्जतहून नवं कुलूप आणलं आणि रविवारी भरदुपारी, सगळ्या आळीदेखत, अंगणात दाराशी बसले. कंपनीत दिवसभर स्क्रूच पिळते मी. काच वर चढवली, स्क्रू काढले, दाराचं आतलं पॅनल ओढून सोडवलं, त्यामागचा प्लॅस्टिकचा कागद सोलला. पोकळीत हात घातला तर पत्र्यानं कोपर कापलं. कापू दे म्हटलं. कुलुपाची सळी सुटली, पण मागची क्लिप हलेना.

सासूबाई ओटीवरून बघत होत्या. "आख्खी गाडी उसवलीस गं. घरातलीच मानसं ना?"

"म्हणूनच, आई. परकं असतं तर पोलिसांत गेले असते."

तेवढ्यात क्लिप निघाली आणि कुलूप हातात आलं. नवं बसवून दार पुन्हा जोडलं, तोवर चार वाजले.

संध्याकाळी रूपेश चावी फिरवत आला. दाराला लावली, दोनदा हिसका दिला.

"वैनी, चावी लागत नाय."

"लागते की, भाऊजी." जुनं कुलूप मी त्याच्या तळहातावर ठेवलं. "ह्याला लावून बघा."

त्यानं खरंच लावून बघितली. फिरली. मग माझ्याकडं न बघता आत गेला.

सोमवारी आम्ही पाचही जणी वेळेवर पोचलो. देव्हाऱ्याजवळच्या खिळ्याला आता चावी आणि कुलूप दोन्ही टांगलंय. घरचं आहे, कुणीही न्यावं.