टबाची फट

जळगावात तेव्हा नळाला एक दिवसाआड पाणी, अन् अभयकुमारशेठनं माडीवरच्या न्हाणीत बसवला टब! हौसेला मोल नसतं म्हणतात, ते काही खोटं नाही. त्या टबात आंघोळीला कुणी माईचा लाल उतरला नाही. घरानं त्याचं टाकं केलं. नळ आला की काठोकाठ भरायचा अन् तांब्यातांब्यानं उपसायचा. सांडलेलं पाणी टब अन् भिंतीच्या मधल्या भेगेत जिरायचं.

न्हाणीच्या बरोबर खाली शेठच्या बायकोची, कुसुमलताची खोली. छताच्या कडीला पाळणा, पाळण्यात तान्ही लेक. एक दिवस कुसुमलताला कडीभोवती ओल दिसली. शेठ कपाशीच्या खरेदीसाठी शिरपूरला गेलेले. तिनं तोताराम मिस्त्रीला बोलावून घेतलं.

तोतारामनं टबाच्या कडेचं जुनं पांढरं सिमेंट खरवडलं, तर ते पापडासारखं सुटून आलं. त्यानं फटीत लोखंडी पट्टी घातली. ती पार मुठीपर्यंत आत गेली.

"भाभी, हाई बठ्ठं, सगळंच, पोकळ शे," तो म्हणाला. "टब रिकामा करा, सुकू द्या. मंग मी रबरासारखा मसाला येतो ना नळीतला, तो भरतो."

तेवढ्यात फटीतून मुंग्या निघाल्या, तोंडात पांढरी अंडी धरून. मागं सासूबाई, चंदनबाई उभ्या होत्या.

"थांब तोताराम! जिते जीव चिणून टाकतोस? अन् तेही पर्युषणात?"

"अक्का, मुंग्या अंडी घेऊन निघाल्या, म्हणजे आत पाणी चढलंय."

"मग जाऊ दे त्यांना सुखानं. गेल्या की भर."

"निदान टब तरी रिता करा."

"भरलेलं पाणी मोरीत ओतू? पाण्यात काय जीव नसतो?"

चंदनबाई वाईट नव्हत्या हो. मुंगी दिसली तर वळसा घालून जाणारी बाई! पण त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. अन् कुसुमलतानं तर या घरात आल्यापासून तोंडात मिठाची गुळणी धरलेली. तोतारामनं अवजारं गुंडाळली. जिन्यात तो हळूच म्हणाला, "भाभी, पोरीले तठे, पाळण्यात निजाडू नका."

पुन्हा नळ आला, पुन्हा टब भरला. मुंग्यांनी बाहेर यावं म्हणून चंदनबाईंनी फटीजवळ पिठीसाखर ठेवली. घ्या! असा पाहुणचार सोडून कोण जाईल? उलट आणखी रांगा लागल्या. खाली छतावरची ओल गंजासारखी तांबूस झाली, अन् पाळण्याच्या दोरीवरून थेंब उतरायला लागले. रात्री कुसुमलता लेकीला कुशीत घ्यायची. सकाळी चंदनबाई नातीला परत पाळण्यात घालायच्या. लेकरू रांगेपर्यंत पाळणा सोडायचा नाही, ही घरची रीत.

"मांजी, ती कडी..."

"अगं, हत्ती टांगला तरी हलायची नाही ती."

कुसुमलतानं पाळण्याची ओली दोरी पदरानं पुसली. स्वतःचाच राग येऊन तिचा जीव नुसता जळत होता.

पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीच्या दुपारी, लेक एकाएकी किंचाळली. दोरीवरून मुंग्या पाळण्यात उतरल्या होत्या, पोरीच्या गालाला, मानेला डसल्या होत्या. "मेल्यांनो!" म्हणत कुसुमलतानं लेकीला उचललं अन् झटकत झटकत दारापर्यंत नेलं.

मागं धाडकन आवाज झाला. पाळणा खाली आपटला होता, अन् कडी, गिलावा, ओल्या सिमेंटचे गोळे, सगळं त्याच्यावर पडलं होतं. पाळण्याची एक दांडी जागेवर राहिली नव्हती. कुसुमलतानं लेकीला इतकं घट्ट धरलं की पोर आणखीनच रडायला लागली.

चंदनबाई धावत आल्या. पाळणा पाहिला, मुंग्या पाहिल्या, नात पाहिली. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. त्या खोलीत शिरल्या अन् मोडक्या पाळण्यापाशी हात जोडून उभ्या राहिल्या.

"बघ सूनबाई! आपण ज्यांना राखलं, त्यांनीच राखलं गं हिला!"

कुसुमलता वर बघत होती. भगदाडात गंजलेल्या सळया उघड्या पडल्या होत्या, अन् त्यांच्यावर टबाचं पांढरं बूड टेकलं होतं. आज सकाळीच नळ आला होता.

"मांजी, आधी बाहेर या!" ती ओरडली. या घरात पहिल्यांदाच.

चंदनबाईंनी डोळे मिटले होते. ओठ नवकार मंत्र पुटपुटत होते. वर टब काठोकाठ भरलेला होता, अन् एक सळई हळूहळू वाकत होती.