शेंदराखालचं फूल

लक्ष्मी गेटच्या आतल्या गल्लीत चपलांचा ढीग पडला होता. उषाबाईंच्या मधल्या खोलीत माणसं दाटीवाटीने उभी, जिन्यावर बायका, खिडकीच्या गजांना पोरं लटकलेली. सगळ्यांचे डोळे भिंतीतल्या जुन्या लोखंडी तिजोरीवर. तिच्या दाराला कान लावून तालेश्वर बाबा बोटं हवेत गरगर फिरवत होता, सिनेमातला चोर फिरवतो अगदी तशी.

“बंद तारो बोलत है, मैया. बस, सुनबेवारो चइये.” तारो म्हणजे कुलूप; बंद कुलूपही बोलतं, फक्त ऐकणारा हवा, असं त्याचं म्हणणं.

उषाबाईंची सून ऋचा दाराशी उभी होती, तान्ह्या रेवाला छातीशी धरून. पोरीला न्यूमोनिया झाला होता, श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जात होत्या. औषधाची एकही मात्रा चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. इकडे सासरे वामनराव गेल्यापासून तिजोरी उघडत नव्हती. किल्ली अर्धी फिरून अडायची. म्हाताऱ्याचा जीव आत अडकलाय, तोच नातीला झुरवतोय, असं कुणीतरी उषाबाईंच्या मनात भरवलं होतं.

बाबाने सगळ्यांना डोळे मिटायला लावले. जो झाँकेगा, उसकी आँखन की जोत जाएगी, म्हणाला. मग कापराचं तबक दाराजवळ किती तरी वेळ धरून तो घुमत राहिला. ऋचाने डोळे घट्ट मिटले. रेवाच्या डोळ्यांवरही तळहात ठेवला.

मग डोळे उघडायला लावून त्याने उषाबाईंना किल्ली फिरवायला सांगितलं. किल्ली पूर्ण फिरली आणि दार उघडलं.

खोलीभर जयजयकार झाला. बाबाने तर किल्लीला हातही लावला नव्हता.

त्याने कोनाड्यातली औषधाची बाटली उचलली, तिजोरीत ठेवली, दार लावून कुलूप केलं आणि किल्ली उषाबाईंच्या हातात दिली. “खुशाल रख लो. मेरे बिना घूमेगी नईं. बिटिया अब पुरखन की है, पितरन की, पूनम तक दवा बंद.”

प्रसादासाठी सगळे ओसरीवर गेले. ऋचा तिथेच राहिली. दुसरी बाटली आणता आली असती. पण आणून पाजायचं धाडस तिच्यात उरलं नव्हतं. बाबा खरा असेल तर? आपल्याच हाताने पोरीचं काही झालं तर? आणि खोटा असेल, तर अशा बरगड्या ओढत पोर पौर्णिमेपर्यंत तगेल का?

तिने बाबासारखाच दाराला कान लावला. ऐकू आली ती तिच्याच छातीतली धडधड. आणि मग तिच्या मनात आलं, सिनेमातला चोर ऐकतो ती आकड्यांची चकती. इथे चकतीच नाही, साधी किल्ली आहे. मग ह्याने ऐकलं काय?

दारावर पितळी फुलं ठोकलेली होती. दर लक्ष्मीपूजनाला उषाबाई त्यांना तेलात कालवलेला शेंदूर थापायच्या, थरावर थर. ऋचाने एकेका फुलावरून हात फिरवला. सगळी गार, शेंदराने बुजलेली. किल्लीच्या छिद्राजवळचं एक मात्र कोमट, काजळी धरलेलं, आणि त्याच्या कडेचा शेंदूर वितळून ओघळलेला. तिने ते बाजूला ढकललं. ते सरकलं.

“आई, किल्ली द्या,” तिने हाक मारली.

बाबा धावतच आत आला, मागून सगळी गर्दी. “हाथ मत लगइयो, बहू. बिटिया पे आएगी.”

ऋचाने उषाबाईंच्या हातातून किल्ली घेतली. रेवा कण्हली. “सब लोग आँखें खुली रखिए,” ती म्हणाली. फूल सरकवलं, किल्ली फिरवली, दार उघडलं. बंद केलं. फूल न सरकवता फिरवून दाखवली, अडली. सरकवून पुन्हा उघडलं.

“त्या फुलामागे खटका आहे,” तिने सांगितलं. “तो सरकल्याशिवाय किल्ली फिरत नाही. मामंजी गेल्यावर कुणी सरकवला नाही, तो शेंदराने चिकटून बसला. ह्या बाबाने कापराच्या आचेने शेंदूर मऊ केला आणि आपले डोळे मिटलेले असताना खटका सरकवला.”

जिन्यावरून कुणीतरी म्हणालं, “काय बाबा, अब तारो का बोल रओ?” हशा पिकला, आणि हशा ओसरायच्या आत बाबा गल्लीपार झाला. ओरछा गेटजवळ तिजोऱ्या दुरुस्त करणाऱ्या दुकानात तो पूर्वी कामाला होता, हे पुढे कळलं.

उषाबाईंनी ते फूल स्वतः सरकवून पाहिलं. “एवढा संसार केला, पण ह्यांनी खटका मला दाखवला नाही गं. आणि मी दर वर्षी हौसेने तो बुजवत आले.” मग त्यांनीच बाटली काढली, चमचा धुऊन आणला आणि नातीचं डोकं मांडीवर घेतलं. “पाज. मी धरते.”

आजारी लेकराची आई भिते, त्यात लाज कसली? पण तिच्या त्या भीतीवरच कुणी आपलं दुकान मांडत असेल, तर तिने भीत भीत का होईना, हात लावून बघावं. औषध मात्र आधी पाजावं.