धुऊन भरलेली वाळू

चुंबकाला वाळूची दाढी फुटली होती. काळी, ताठ, प्लॅस्टिकच्या पिशवीआडून उभी राहिलेली. प्रतीक्षानं फुंकर घातली तरी एक कण हलेना. या दाढीच्या बदल्यात तिला मिळायचं होतं ते तसं फार नव्हतं: खनिजाच्या शोधाच्या पुढच्या टप्प्यात नेमणूक, अहवालावर कुलदीप सरांच्या नावाखाली स्वतःचं नाव, आणि ‘तुमची पोरगी नदीत काय हुडकते गं’ असं विचारणाऱ्या शेजारणींसाठी आईच्या तोंडी एकदाचं उत्तर. द्यायचं काहीच नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि ते तिला लहानपणापासून जमत आलं होतं.

भूम गावाच्या खाली बाणगंगेचं पात्र उन्हानं भाजून निघालेलं. दर दोनशे पावलांवर एक खड्डा, खड्ड्यातून मापानं वाळू, पिशवी, पिशवीवर नंबर... आणि मग प्रयोगशाळेत तोलायचं, शंभर भाग वाळूत काळे जड कण किती. चुंबकाला चिकटतं ते लोखंडाचं. न चिकटता जे काळं मागं राहतं, टायटॅनियम असलंच तर त्यात. दहा खड्ड्यांत काळं शंभराला तीस भरलं होतं. सर फोनवर हसले होते. सर फोनवर हसत नाहीत.

आणि आज सर स्वतः आले होते, अकराव्या खड्ड्यात उतरून स्वतःच्या हातानं पिशवी भरत होते, आणि काठावर कमलबाई — पन्नाशीच्या, गळ्यात लाल फितीचं ओळखपत्र, त्यावर फोटो आणि आयुष्यात पहिल्यांदाच छापलेलं पूर्ण नाव — रिकामं घमेलं कमरेला लावून अवघडून उभ्या होत्या, पाहुण्यानंच पोळ्या लाटायला घेतल्यावर घरची बाई उभी राहते तशा.

कामाच्या तिसऱ्या दिवशीच तिला दिसलं होतं. प्रतीक्षा बाभळीखाली वहीत लिहीत होती आणि कमलबाई डबक्याशी बसून घमेलं हलवत होत्या — मनगटाची ती अर्धी गिरकी, वरची हलकी वाळू पाण्यावर सोडून द्यायची, तळाची काळी राखायची — आणि मगच पिशवी भरत होत्या. हलकी वाळू अशी आधीच गेली की शंभरातलं काळं खोटंच वाढतं. ती गिरकी ओळखू आली नसती तर बरं झालं असतं. पण आली, लगेच. आईची... मास्तरांच्या घरी ज्वारी पाठवायची तर आधी पाखडायची. दुसऱ्याच्या पिशवीत कचऱ्यासकट घालणं म्हणजे घराण्याची लाज. मेंढरांमागं जन्म गेला बाईचा, पण दाणा दिला तो निवडून. मी तेव्हा सूप धरायचे — नाही, मी नुसती बघायचे. त्या दिवशीही बघितलंच की. कमलबाईंनी मान वर करून विचारलंही होतं, धुऊनच भरते ताई, चालतंय नव्हं. आणि प्रतीक्षा म्हणाली होती, तुमच्या हाताला गुण आहे, मावशी. हो म्हटलं नव्हतं. पुढं कधी विचारलं गेलंच तर, म्हणून तिनं ते तेव्हाच मनात नोंदवून ठेवलं होतं... हो म्हटलं नव्हतं.

सरांनी भरलेली वाळू आधी तोलली, मग तिथंच घमेल्यात धुतली, उरलेलं काळं तव्यावर वाळवून छोट्या काट्यावर तोललं.

‘शंभराला सहा,’ ते म्हणाले.

कमलबाई हसल्या. ‘साहेब, तुम्ही घाणीसकट भरलीया. म्या धुऊन भरायचे. सरकारच्या पिशवीत कचरा कसा घालावा?’

सरांनी काटा खाली ठेवला. मग वळून प्रतीक्षाला म्हणाले, ‘तुम्हाला माहीत होतं हे?’

प्रतीक्षाच्या हातातल्या चुंबकाला अजून दाढी होती. हो — एक अक्षर. तेवढ्यात कमलबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. काहीतरी बिघडलंय आणि ते आपल्या हातून, एवढंच त्यांना कळलं असावं.

‘त्यांना कुठलं ठावं,’ त्याच म्हणाल्या. ‘त्या तिकडं लिवत बसायच्या. म्या सांगितलंच न्हाय कधी.’

‘नाही सर,’ प्रतीक्षा म्हणाली.

पुढचं सरळ झालं. दहाही खड्डे पुन्हा, बाई दुसरी, आणि प्रतीक्षा मॅडम समोर उभ्या राहून भरून घेतील, असं सर म्हणाले. तिच्या कामात खोट काढली नाही, उलट बिचारी फसली असंच धरलं. शेरा तिलाच लिहायला सांगितला: मजुराकडून नमुन्यात भेसळ. तिनं ‘भेसळ’ लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

‘काय लिवलं, ताई?’

‘तुमचं नाव.’

कमलबाईंनी मान डोलावली. ओळखपत्र उतरवलं, पदराच्या टोकानं दोन्ही अंगांनी पुसलं, फितीवरची वाळू झटकली, आणि मगच तिच्या हातात ठेवलं.

त्या वाळूतून लहान होत गेल्या. प्रतीक्षाला दया यावी असं वाटत होतं. आला तो राग — कमलबाईंचाच. कुणी मागितलं होतं झाकायला? माझं नाव घेतलं असतं तर निदान भांडता आलं असतं... नदीचं काही गेलं नव्हतं. सरांची एक दुपार गेली. तिची नेमणूकही जाणार नव्हती, हे तिला आता पक्कं ठाऊक होतं. ज्यांचं काम गेलं त्या बाभळीपलीकडं पोचल्या होत्या, आणि हातातल्या लख्ख कार्डावर ती बोटानं काळा कण शोधत होती — एकही सापडत नव्हता.