चेहरा आनंदाबाईंचा

“आई, बांगड्या काढा जरा. वर्षालीच्या हातात घालाच्या हायत,” मयुरी म्हणाली.

आनंदाबाई सुनेच्या तोंडाकडे पाहतच राहिल्या. नवरा गल्ल्यावर धडधाकट बसलेला आणि ही सवाष्णीला बांगड्या काढायला सांगते! रूपरावांनी ऐकलं, पण त्यांनी पेपरात डोकं खुपसलं. घरात सुनेचं राज्य आलं की सासऱ्यांना पेपर फार वाचावासा वाटतो.

जाम गावच्या चौकातलं हे हॉटेल चाललं ते आनंदाबाईंच्या लांब रोटीवर. कणीक आपटून आपटून सैल करायची, दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत लांबवायची आणि चुलीवरच्या पालथ्या घड्यावर अलगद सोडायची. ते बघायला नागपूरच्या गाड्या थांबायच्या. मयुरीनं लग्नानंतर हॉटेलची वेबसाइट काढली आणि रोटी झेलणाऱ्या सासूचा फोटो वर टाकला, तेव्हा आनंदाबाईंना आभाळ ठेंगणं झालं होतं. मग पोळ्याच्या आधी लकवा मारला. उजवा हात लुळा पडला. फोटो बघून लोक मात्र येतच राहिले.

“तो फोटो काढून टाक वं बाई. लोकं म्हणतात, मावशी, रोटी टाकून दाखवा. मले मेल्याहून मेल्यासारखं होते.”

“मी बी तेच म्हणून राह्यली. जुना झाला तो. साइटवर काही नवीन दिसलं नाई तं लोकाईले वाटते, हाटेल बंद पडलं. व्हिडिओच टाकू. हात वर्षालीचे, चेहरा तुमचा.”

“माहा कायले? तिचाच टाक ना.”

“लोकं तुमच्या नावानं येतात, आई. मी काय करू, सांगा बरं?”

पोरीचंही खोटं नव्हतं. घरातली सगळी ताटं त्याच रोटीवर वाढली जात होती.

लुळ्या हातातून बांगड्या सुळकन निघाल्या. हॉटेलात कामाला असलेली, आनंदाबाईंनीच शिकवलेली वर्षाली त्या घालून चुलीपाशी बसली, आणि काय रोटी टाकली पोरीनं! एवढीशीही फाटली नाही. आनंदाबाईंना कौतुक वाटलं आणि हेवाही. मग त्यांना चुलीपाशी बसवलं. “हसा, आई,” मयुरी म्हणाली. त्या हसल्या.

पुढच्याच रविवारी नागपूरहून एक कुटुंब आलं. आनंदाबाई टेबलाशी विचारपूस करायला गेल्या, तशी त्यातली बाई ओरडलीच.

“अय्या, व्हिडिओतल्या मावशी! काय जादू आहे हो या हातात!”

तिनं आनंदाबाईंचा उजवा हात उचलला, गालाला लावला आणि मोबाइलकडे बघून गोड हसली. तो गाल गरम की गार, आनंदाबाईंना काहीच कळलं नाही. सांगून टाकावं, बाई, हा हात गेला माझा, असं अगदी ओठांवर आलं. पण गल्ल्यापाशी उभी मयुरी डोळ्यांनी गयावया करत होती.

बाईनं हात सोडला. तो धपकन टेबलावर आदळला आणि झुणक्याची वाटी कलंडली.

आनंदाबाईंनी डाव्या हातानं तो उचलून पदराखाली घेतला.

“गरम हाय तवर खाऊन घेजा,” त्या म्हणाल्या.